डावा सुळा लांब दिसायला लागलाय, हिरडी सरकली की मीच घासून घालवली?

उन्हाची_तिरीप (धागाकर्ती)

कुठल्या विभागात टाकायचं कळेना म्हणून आरोग्यात टाकतेय, चुकलं असेल तर संपादकांनी हलवावा.

झालं असं की एका कार्यक्रमातले फोटो आले, त्यात मी तोंडभर हसतेय आणि वरचा डावा सुळा उजव्यापेक्षा चांगलाच लांब दिसतोय. आधी वाटलं कॅमेऱ्याचा अँगल असेल. मग आरशासमोर मोबाईलचा टॉर्च लावून ओठ वर करून बघितलं तर हिरडी जिथे असायला पाहिजे तिथे एक पिवळसर पट्टी, आणि दाताचा पांढरा भाग संपून पिवळा सुरू होतो तिथे नख फिरवलं तर चक्क अडकतं, खाच आहे. मागच्या दोन उपदाढांनाही थोडं तसंच. गार पाणी प्यायलं की नेमकी तिथूनच कळ निघते आणि थेट डोळ्यापर्यंत जाते. सेकंदभरच, पण मी ग्लास खाली ठेवते.

आता गंमत बघा. मला दातांची इतकी धास्ती आहे (घरात दोघांच्या कवळ्या रात्री वाटीत बुडवलेल्या बघत मोठी झालेय) की मी दिवसातून तीनदा, हार्ड ब्रशने, पाच पाच मिनिटं घासते. रक्त कधी येत नाही, कीड एकाही दाताला नाही. दंतवैद्यांकडे गेले तर ते म्हणाले घासणं कमी करा, सॉफ्ट ब्रश घ्या, बाकी काही नाही, चार मिनिटांत बाहेर. म्हणजे इतकी वर्षं जे चांगलं म्हणून केलं तेच नडलं? हिरडी परत वाढते का? नाही वाढली तर दात पडणार का? टाळूचं मांस कापून लावतात म्हणे, ते करावं लागेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा, टॉर्च आहे माझ्याकडे.

झोपाळू

+१. माझंही अगदी सेम, पण मी तर आळशी आहे, दिवसातून एकदाच आणि तेही डोळे मिटून. म्हणजे घासलं तरी जाते आणि नाही घासलं तरी जाते? दात दाखवून अवलक्षण नको म्हणून डॉक्टरकडे जात नाहीये.

शंकासूर

वरच्या दाताची हिरडी वर सरकते. बाकी चालू द्या.

दंतकथा

पेशाने दंतवैद्य आहे, त्यातही हिरड्यांचंच काम करते. इथे कुणाचं तोंड मी बघितलेलं नाही तेव्हा हे सल्ला म्हणून नाही, समजून घ्यायला वाचा.

तिरीप, आधी एक सांगा, तुम्ही उजव्या हाताने घासता का? आणि घासायला सुरुवात डाव्या बाजूच्या वरच्या दातांपासून करता का?

उन्हाची_तिरीप

हो!!! दोन्ही हो. तुम्हाला कसं कळलं? कॅमेरा लावलाय का बेसिनवर?

दंतकथा

:) कॅमेरा नको, अंदाज बांधता येतो. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर डाव्या बाजूला जास्त पडतो आणि ज्या जागेपासून सुरुवात करतो तिथे ब्रश कोरडा, पेस्ट घट्ट, हात ताजा. त्यात सुळा हा कमानीच्या कोपऱ्यावर उभा असतो, बाहेर आलेला, त्यामुळे ब्रश पहिला त्यालाच भिडतो. आणि मुख्य म्हणजे सुळ्याच्या मुळावर बाहेरच्या बाजूने हाड फार पातळ असतं, काही जणांत तर तेवढ्या भागात हाड जन्मतःच नसतं, नुसती हिरडी मुळावर पसरलेली. हिरडीला खालून आधार हाडाचा. आधारच नसेल तर रोजच्या रेट्याने ती मागे मागे जाते, दुखत नाही, रक्त येत नाही, वर्षाला थोडीथोडी. म्हणून फोटोत एकदम दिसली तरी ती एकदम गेलेली नाही.

ती पिवळी पट्टी म्हणजे दाताचं मूळ. दाताचा जो भाग तोंडात दिसायला हवा त्याच्यावर इनॅमल असतं, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. मुळावर इनॅमल नसतं, तिथे सिमेंटम नावाचा पातळ थर असतो, तो हिरडीखाली झाकून राहण्यासाठीच असतो, ब्रश खाण्यासाठी नव्हे. तो बघता बघता घासला जातो आणि खालचं डेंटिन उघडं पडतं. तुमचं नख अडकतं ना, ती खाच डेंटिनमध्ये पडलेली आहे. डेंटिनमध्ये हजारो बारीक नळ्या असतात, त्यांच्यात द्रव असतो, गार पाणी लागलं की तो द्रव हलतो आणि आतली नस ओरडते. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात ना, त्यातही हा उघडा भाग जास्त शिवशिवतो. कळ लगेच थांबत असेल तर घाबरायचं कारण नाही. गार काढून घेतल्यावरही ठणका मिनिटभर राहिला, किंवा गरमने दुखलं, किंवा रात्री आपोआप दुखून जाग आली तर मात्र तो प्रश्न हिरडीचा नाही, नसेचा आहे, लगेच दाखवा.

झोपाळू, तुमचा प्रकार कदाचित अगदी उलटा आहे आणि मला तुमची जास्त काळजी वाटतेय. संध्याकाळी लिहिते, पेशंट आलाय.

झोपाळू

हे वाचून झोप उडाली.

जुना_खडू

झोपाळू, डॉक्टर येईपर्यंत माझी गोष्ट ऐका, म्हणजे खरोखर उडेल.

मी शिक्षक होतो, आता निवृत्त. चाळिशीत असताना खालच्या पुढच्या दातांच्या मागे कीटण जमायचं, जिभेला खरखरीत लागायचं, मला वाटायचं दातच असा आहे. घासताना कधी लाल दिसायचं तर मी काय करायचो, त्या जागी घासायचंच नाही. जिथून रक्त येतं तिथे हात लावू नये असा माझा साधा हिशोब. पुढे रक्त यायचं बंदच झालं आणि मी खूश, आपोआप बरं झालं. खरं कारण पुष्कळ नंतर कळलं, मी तेव्हा दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढायचो आणि सिगारेटने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, आत सूज असूनही रक्त दिसत नाही. म्हणजे आगीचा बंबच चोरीला गेला आणि मी म्हणतोय आग विझली.

पंचावन्नाव्या वर्षी खालचे दोन दात जिभेने ढकलले की हलायचे. एक्स-रे काढला तर त्या दोघांच्या भोवतीचं हाड मुळाच्या टोकापर्यंत गेलेलं. दुखलं का तर एक दिवसही नाही. ते दोन गेले, बाकीचे सिगारेट सोडून आणि दर तीन महिन्यांनी सफाई करून अजून टिकलेत. दातांमधे काळे त्रिकोण आहेत, हसताना दिसतात, नातू विचारतो आजोबा इथून हवा जाते का.

शंकासूर

खडू काका तुमच्याबद्दल आदर आहे पण एक बोलतोच. माझे दात क्लीनिंग केल्यावर हलायला लागले, फटी पडल्या आणि गार लागायला लागलं, त्याआधी काही म्हणजे काही नव्हतं. एका दवाखान्यात फुकट तपासणी म्हणून बोलावलं आणि मशीन लावून मोकळे झाले. कीटण हा नैसर्गिक सिमेंटच आहे असं माझं ठाम मत झालंय. काढलं की दात ढिले.

दंतकथा

शंकासूर, हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते, आणि तुम्हाला जे जाणवलं ते खोटं नाही. त्याचा लावलेला अर्थ चुकीचा आहे.

दातावर रोज एक चिकट थर बसतो, त्यात जिवंत जंतू असतात. तो काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांतच कडक व्हायला लागतो, तेच कीटण. एकदा कडक झालं की ब्रशने जात नाही. कीटणाच्या खरबरीत अंगावर आणखी जंतू, ते हिरडीच्या कडेखाली उतरतात, शरीर त्यांच्याशी लढतं आणि त्या लढाईत दात धरून ठेवणारं हाडच वितळत जातं. हाड गेलं की हिरडी मागे सरकायला हवी, पण ती सुजलेली असते आणि फटी कीटणाने बुजलेल्या असतात, त्यामुळे आरशात सगळं जागच्या जागी दिसतं. सफाई केली की बुजवण निघतं, आठवड्या-दोन आठवड्यात सूज उतरते, हिरडी हाडाच्या खऱ्या पातळीवर येऊन बसते आणि मुळं उघडी पडतात. जे हाड पाच-दहा वर्षांत गेलं ते तुम्हाला त्या दिवशी दिसलं. भिंतीला आधीच तडे होते, कॅलेंडर काढल्यावर दिसले. दात हलणं काही दिवस जास्त वाटू शकतं, पण हिरडी घट्ट झाली की बरेचदा कमी होतं. ही गोष्ट मशीन लावायच्या आधी कुणीतरी तुम्हाला सांगायला हवी होती, नाही सांगितली ही चूकच.

आता झोपाळू. तुम्ही जवळच्या दंतवैद्याकडे जा आणि "खिसे मोजून द्या" म्हणा. खिसा म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधली खाच. बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई असते, ती प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हळूच घालून मोजतात. १ ते ३ मिमी ठीक, ४ आणि पुढे असेल आणि रक्त येत असेल तर आत काहीतरी चालू आहे. आणि हिरडी सरकली असेल तर नुसता खिसा मोजून भागत नाही, सरकलेले मिमी त्यात मिळवायचे. समजा खिसा ३ आणि हिरडी ३ सरकलेली, तर दाताची पकड ६ मिमी गेली, आकडा जरी ३ च दिसला तरी.

थोडक्यात तिरीपची हिरडी निरोगी आहे पण मागे गेलीय, खडू काकांची आजारामुळे गेली होती. आरशात दोन्ही सारखंच दिसतं. उपाय मात्र उलटसुलट. एकीला हात आवरायला सांगायचं आणि दुसऱ्याला हात चालवायला.

रानभूल

हे शेवटचं वाक्य छापून बेसिनवर लावावं असं आहे. डॉक, रात्री दात खाल्ल्याने पण हिरडी जाते असं ऐकलंय? आणि व्हिटॅमिन सी कमी पडलं की?

दंतकथा

दात खाण्याने दात झिजतात, तुकडे उडतात, आधीच हाड कमी असेल तर दात जास्त हलतात. पण नुसत्या दात खाण्याने हिरडी सरकते याला चांगला पुरावा नाही. सी खूपच कमी पडलं तर हिरड्या सुजतात, रक्त येतं, पण गोळ्या खाऊन सरकलेली हिरडी परत येत नाही. मिठाच्या कोमट पाण्याने सूज आलेल्या हिरडीला बरं वाटतं, तेवढंच. कुठल्याही पेस्टवर, तेलावर, जेलवर "हिरड्या पुन्हा वाढवते" लिहिलं असेल तर पैसे खिशात ठेवा.

तंबाखूचं राहिलं. तोंडात एकाच ठिकाणी धरून ठेवणाऱ्यांची हिरडी नेमकी तेवढ्याच जागी जाते, आम्ही न विचारता सांगू शकतो कुठल्या गालात ठेवता. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरडीचा आजार वेगाने वाढतो, आणि हिरडीत आजार असेल तर साखरही ताब्यात यायला कुरकुरते, दोघांचं साटंलोटं आहे.

वाफाळता

माझ्या मुलीला (वय १५) तारा लावल्यात, खालच्या एका पुढच्या दाताची हिरडी दीड-दोन मिमी खाली दिसतेय. ऑर्थो (तारा लावणारे डॉक्टर) म्हणतात लक्ष ठेवू. ठेवू की ओरडू?

दंतकथा

ओरडू नका, पण लक्ष नक्की. दात बाहेरच्या बाजूला ढकलला की तो हाडाच्या चौकटीबाहेर जाऊ शकतो, खालच्या पुढच्या दातांना तर हाड आधीच कागदासारखं. हिरडीची जात पातळ असेल तर जास्त. पातळ ओळखायची सोपी खूण म्हणजे मोजायची सळई हिरडीच्या आत घातल्यावर बाहेरून तिची सावली दिसते. तसं असेल तर काही वेळा दात हलवायच्या आधीच हिरडी जाड करून घेतात. आणखी एक, खालचा ओठ बाहेर ओढून बघा, ओठ हिरडीला जोडणारी मधली शीर ओढल्यावर हिरडीची कड हलते का. हलत असेल तर ऑर्थोंना सांगा. तारा निघाल्यावर आतून जी बारीक तार चिकटवतात तीही वर्षातून एकदा तपासून घ्या, क्वचित ती वाकते आणि दात गुपचूप फिरवते. आणि जीभ किंवा ओठ टोचून दागिना घालायचा हट्ट असेल तर त्यावर मात्र ओरडा, तो दागिना दिवसभर हिरडीवर आपटत असतो.

उन्हाची_तिरीप

मूळ पेशंट मी आहे बरं का, मला विसरू नका. दोन प्रश्न. एक, नक्की कसं घासू? सगळे "हळू" म्हणतात, हळू म्हणजे किती? दोन, टाळूचं ते.

दंतकथा

घरात स्वयंपाकाचा वजनकाटा आहे का? ब्रश नेहमीसारखा पकडा, काट्यावर नेहमीसारखा दाबा आणि आकडा इथे लिहा. खरं लिहा.

उन्हाची_तिरीप

५१०.

मग मुद्दाम "हळू" दाबलं तर ३४०.

झोपाळू

मी केलं, ९०. मी काट्यालाही झोपवलं.

दंतकथा

हाताने घासताना साधारण १५० ग्रॅमच्या आसपास पुरे होतं. रोज सकाळी चारपाच वेळा काट्यावर दाबून हाताला सवय लावा, आठवड्यात जमतं. ब्रशचे केस बाहेरच्या बाजूला फाकलेत का बघा. तीन महिन्यांच्या आत फाकत असतील तर हात जड आहे, आणि फाकले नसले तरी तीन-चार महिन्यांनी बदला. पूर्ण मूठ करून पकडू नका, पेन धरतो तसा धरा, जोर आपोआप कमी होतो.

सॉफ्ट किंवा एक्स्ट्रा सॉफ्ट. ब्रश हिरडी आणि दाताच्या सांध्यावर ४५ अंशात तिरका टेकवा. तुमच्यासारख्यांनी केसांची टोकं थोडी हिरडीवर आणि थोडी दातावर ठेवायची, जागच्या जागी थरथरवायचं आणि मग दाताच्या टोकाकडे झाडू मारल्यासारखं उतरवायचं. वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. आडवी करवत बंद. दोन मिनिटं, दोन वेळा, तिसरी वेळ बंद. सुरुवात उजव्या बाजूने करा, डावा सुळा सगळ्यात शेवटी, तोवर पेस्टही पातळ झालेली असते. दातांच्या फटीत ब्रश पोचतच नाही, तिथे दोरा किंवा फटीत जाईल तो छोटा ब्रश, पण कोंबून नाही, अडकला तर लहान साइज घ्या.

पेस्ट फ्लोराइडची हवीच, मुळावर कीड इनॅमलपेक्षा लवकर लागते. कोळशाची, दात पांढरे करणारी खरखरीत पावडर पूर्ण बंद, उघड्या मुळावर तो पॉलिश पेपर आहे. शिवशिवण्यासाठी ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट घ्या, पण ती गोळी नाही की घेतली आणि थांबलं, रोज दोनदा वापरून दोन ते चार आठवडे द्यावे लागतात, लोक आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडतात. रात्री घासल्यावर फेस थुंका, चूळ भरू नका, आणि तेवढीच पेस्ट बोटाने त्या खाचेवर लावून झोपा. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच घासू नका, अर्धा तास जाऊ दे. एवढं करूनही कळ राहिली तर दवाखान्यात फ्लोराइडचा लेप लावतात, खाच खोल असेल तर दाताच्या रंगाचं फिलिंग भरतात.

टाळूचं मी सांगण्यापेक्षा ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं. आहे का कुणी?

निळी_छत्री

आहे. मी गेल्या वर्षी केलं, खालच्या डाव्या सुळ्याला आणि एका उपदाढेला. लांबलचक लिहितेय, ज्यांना कळतं त्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारावी.

माझी हिरडी ४ मिमी गेली होती आणि दोन वर्षांच्या फोटोत वाढत होती, शिवाय दाताखाली घट्ट गुलाबी हिरडी जवळजवळ उरलीच नव्हती, गालाची मऊ लाल त्वचाच थेट दाताला भिडलेली, त्यामुळे ब्रश लागला की दुखायचं आणि दुखतं म्हणून घासायचे नाही आणि नाही घासलं की सूज. या चक्रामुळे करायचं ठरलं, दिसण्यासाठी नाही.

भूल फक्त तोंडाची. टाळूतून, उपदाढांच्या बाजूने, वरची त्वचा झाकणासारखी उचलून आतला पातळ थर काढतात आणि झाकण परत बंद करून शिवतात. तो थर खाली सुळ्याच्या मुळावर ठेवून हिरडी वर ओढून त्याच्यावर शिवली. वेळ सव्वा तास. ऐकायला भयानक, पण ऑपरेशनपेक्षा नंतरचे चार दिवस जास्त त्रासाचे आणि तेही खालचा दात नाही, टाळू! गरम काही गिळलं की पिझ्झाने टाळू भाजल्यावर होतं तसं, दिवसभर. मला टाळू झाकायला पारदर्शक प्लेट करून दिली होती, तिने फार वाचवलं, ज्यांना करायचंय त्यांनी आधीच मागून घ्या. दोन आठवडे त्या बाजूला ब्रश नाही, क्लोरहेक्सिडिनने (जंतुनाशक औषध) चुळा. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि सगळं खाणं पुठ्ठ्यासारखं लागतं, दोन्ही नंतर जातं, डाग पॉलिशने गेले. ओठ ओढून "बघू कसं झालंय" हे करायचं नाही, मी तिसऱ्या दिवशी केलं आणि बोलणी खाल्ली. टाके चौदाव्या दिवशी काढले.

आज ४ मधले साधारण ३ मिमी झाकले गेलेत. रंग शेजारपेक्षा किंचित फिकट आहे, मलाच दिसतं. घासताना दुखत नाही, हे मोठं.

वाफाळता

ते बारीक भोकातून करतात, टाळू न कापता, ते का नाही केलं? जाहिरातीत तर लंचब्रेकमध्ये होतं.

दंतकथा

छत्रीताई, फार छान लिहिलंत.

वाफाळता, पिनहोल पद्धत २०१२ साली जॉन चाओ यांनी प्रसिद्ध केली. हिरडीच्या वरच्या बाजूला बारीक छिद्र पाडून तिथून आतल्या आत हिरडी सोडवून खाली सरकवतात, टिकावी म्हणून आत कोलॅजनच्या पट्ट्या भरतात. चांगली पद्धत आहे, एका वेळी बरेच दात होतात. पण तिथे आहे तीच हिरडी सरकवली जाते. छत्रीताईंसारखी घट्ट हिरडी मुळात उरलेलीच नसेल तर बाहेरून थर आणावाच लागतो, आणि बऱ्याच वर्षांचा अनुभव टाळूच्या थराचाच जास्त आहे.

झाकली किती जाईल हे दोन दातांच्या मधल्या हाडावर ठरतं. १९८५ मध्ये मिलर यांनी सरकलेल्या हिरडीचे चार वर्ग केले, २०११ पासून कायरो यांचे तीन प्रकार जास्त वापरतात, मुद्दा तोच. मधलं हाड आणि मधलं हिरडीचं टोक शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकायची आशा धरता येते. मधलं थोडं गेलं असेल तर बरेचदा अर्धवट. मधलंच खोल गेलं असेल, खडू काकांसारखं, तर पूर्ण झाकलं जात नाही, मग काळे त्रिकोण फिलिंगने लहान दिसतील असं करतात किंवा गुलाबी रंगाचं बसवतात. आणि सिगारेट चालू असेल तर बहुतेक सर्जन आधी ती सोडून यायला सांगतात, कारण लावलेला थर पहिले काही दिवस शेजारच्या रक्तपुरवठ्यावरच जगतो.

तिरीप, तुम्हाला आत्ता ऑपरेशन लागेल असं तुमच्या वर्णनावरून तरी वाटत नाही. सरकायचं थांबलं तर तो दात तसाच आयुष्यभर राहू शकतो. हिरडी आपोआप परत येत नाही, पण दात पडण्याशी त्याचा थेट संबंध नाही. आज फोटो काढा, एकाच उजेडात, एकाच अंतरावरून, आणि डॉक्टरांकडून मिमी लिहून घ्या. सहा महिन्यांनी परत. वाढत असेल, किंवा घासताना दुखत असेल, किंवा लांब दात मनाला खुपत असेल तर मग बोलू. मनाला खुपणं हेही कारण आहे, त्यात लाजायचं काही नाही.

शंकासूर

खिसे मोजून आलो. सहा दाढांना ५ मिमी, एकीला ७. कॅलेंडर काढलं ते बरं झालं म्हणायचं. पुढच्या आठवड्यात मुळांपर्यंत सफाई, दोन बैठकीत, भूल देऊन. "नैसर्गिक सिमेंट" हा शब्द मागे घेतो.

जुना_खडू

स्वागत आहे क्लबात. भूल उतरेपर्यंत गाल चावू नका.

झोपाळू

मी पण गेलो. ३ आणि ४ आहेत, रक्त सगळीकडून. डॉक्टर म्हणाले हाड अजून फारसं गेलेलं नाही, वेळेत आलात, फक्त घासा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला जास्त कर म्हणालं.

उन्हाची_तिरीप

धागा वर काढतेय, सात महिने झाले.

मे मध्ये सुळा २.५ मिमी, उपदाढा १ आणि १. काल मोजलं, २.५, १, १. डॉक्टर म्हणाले "काहीच नाही बदललं" आणि मी जवळजवळ उडी मारली, ते बघतच राहिले. खाच भरून घेतली, नख अडकत नाही आता. गार पाणी डाव्या बाजूने पिते, मुद्दाम, बघायला. तिसऱ्या आठवड्यानंतर कधीतरी कळ थांबली होती, नक्की कधी ते कळलंच नाही. सुळा लांबच दिसतो. फोटोत उजवी बाजू पुढे करते, चालतंय.

सगळ्यात अवघड गेलं ते तिसऱ्या वेळचं घासणं सोडणं. दुपारी जेवण झालं की हात आपोआप बेसिनकडे जायचा. नुसती चूळ भरून परत यायचं म्हणजे काहीतरी अर्धवट टाकून आल्यासारखं वाटायचं, अजूनही कधी कधी वाटतं.

शंकासूर

७ चा ४ झाला. बाकी सगळे ३. आणि हो, वजनकाट्यावर किती?

उन्हाची_तिरीप

१६०. घरातले विचारतात काट्याला पेस्टचा वास का येतो.